चूल, झाकण आणि माठ : इंधनबचतीचा एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गशिक्षकांसाठी)



आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर अथवा इगतपुरी तालुक्यांतील एखाद्या वाडीवर ज्यांनी एक-दोन वर्षे काढली आहेत, त्यांना हजेरी घेताना कानी पडणारे एक उत्तर परिचयाचे असेल. "गुरुजी, ती आज सरपणाला गेली." उत्तर देणारी मैत्रीण ते अगदी सहजपणे देते, गुरुजी पटावर गैरहजेरीची खूण करतात आणि पुढचे नाव पुकारले जाते. प्रस्तुत पाठाचा विषय त्या खुणेतून निघालेला आहे. मुलीला डोंगरात पाठविणारी चूल किती सरपण खाते, त्यातील किती अन्नाच्या कामी येते आणि किती वाया जाते, याचा हिशेब त्याच शाळेत, त्याच फळ्यावर मांडता येण्याजोगा आहे. तो मुलांनी स्वतः मांडावा, हा या पाठाचा हेतू होय.

इंधनबचत म्हटली म्हणजे मोठमोठ्या योजना व महागडी यंत्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु घरोघरी दिवसातून दोन-तीन वेळा पेटणारी चूल किंवा शेगडी हीच आपल्या बहुसंख्य मुलांच्या पाहण्यातली ऊर्जेची पहिली जागा आहे. उष्णता, बाष्पीभवन, उत्कलनबिंदू, उष्णतेचे दुर्वाहक हे पाठ्यपुस्तकातील शब्द तेथे रोज घडत असतात. विज्ञान, गणित आणि गृहजीवन यांचा समवाय साधण्यास याहून सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल.

पूर्वतयारी

या पाठास दोन तासिका पुरतील. साहित्य थोडेच लागते : एक-एक लिटर पाणी मावेल अशी सारख्या मापाची दोन पातेली, एक झाकण, प्रयोगपेटीतील ११० अंशांपर्यंतचा तापमापक, एक मापी भांडे, घड्याळ, एक घोंगडीचा तुकडा आणि शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातील शेगडी. विस्तवाजवळचे सर्व काम शिक्षकाने स्वतः किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी करावे. मुलांनी हातभर अंतरावर उभे राहून पाहावे, वाचन घ्यावे व वहीत टिपावे. उकळते पाणी हलविताना एकही मूल वाटेत असू नये.

पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना एक काम सांगावे. घरी जाऊन आई, आजी अथवा आत्या यांना विचारावे, "जळण कमी लागावे म्हणून तुम्ही काय काय करता?" उत्तरे जशी मिळतील तशी लिहून आणावीत. या गृहपाठाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

पहिला प्रयोग : आच वाढविल्याने पाणी अधिक तापते काय?

प्रथम वर्गास प्रश्न विचारावा : "पातेल्यातील पाणी खळखळ उकळत आहे. आता आच दुप्पट केली, तर डाळ लवकर शिजेल की नाही?" बहुतेक मुले "होय, शिजेल" असे म्हणतील. त्यांना लगेच चूक ठरवू नये. दोन्ही मतांचे हात मोजून आकडे फळ्यावर लिहावेत आणि निर्णय तापमापकावर सोपवावा.

एका पातेल्यात एक लिटर पाणी उकळावयास ठेवावे. उकळी येताच तापमान वाचावे. मग आच मोठी करावी व पुन्हा वाचावे. नंतर पाणी नुसते मंद उकळत राहील इतकी आच कमी करावी आणि तिसऱ्यांदा वाचावे. तिन्ही वेळा पारा एकाच ठिकाणी आढळेल. यावरून मुलांकडून असा निष्कर्ष काढून घ्यावा की, उघड्या भांड्यातील पाणी एकदा उकळू लागले म्हणजे त्याचे तापमान वाढत नाही. दिलेली जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. डाळीला मिळणारी ऊब मंद उकळीत आणि खळखळत्या उकळीत सारखीच असते. मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, पाणी मात्र लवकर आटते.

येथे एक स्थानिक गोष्ट आवर्जून दाखवावी. पुस्तकात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते असे असते, आणि आपला पारा साधारण ९८ च्या आसपास थांबतो. मुले म्हणतील, "गुरुजी, तापमापक खोटा आहे." तसे नसून नाशिकचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे, म्हणून असे घडते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो व दर ३०० मीटरांस उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. बागलाणातील साल्हेर किल्ला १,५६७ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळेल आणि तेथे डाळ शिजावयास खालच्या गावापेक्षा अधिक वेळ लागेल. किल्ल्याचा इतिहास शिकविताना ही गोष्ट सांगितली, तर मुले ती विसरणार नाहीत.

दुसरा प्रयोग : झाकणाची किंमत

दोन्ही पातेल्यांत एक-एक लिटर पाणी घ्यावे. एकावर झाकण ठेवावे, दुसरे उघडे ठेवावे. त्याच शेगडीवर, तितक्याच आचेवर एकामागून एक ठेवून उकळी येण्यास किती मिनिटे लागली ते मोजावे. त्यानंतर उघडे पातेले आणखी काही मिनिटे खळखळत ठेवावे, उतरवून थंड होऊ द्यावे आणि उरलेले पाणी मापाने मोजावे. किती पाणी हवेत गेले ते वजाबाकीने कळेल.

आता फळ्यावर हिशेब मांडावा. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. २५ अंशांचे पाणी ९८ अंशांपर्यंत नेण्यास ७३ किलोकॅलरी पुरतात. परंतु त्याच एक लिटर उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करावयास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सातपटीहून अधिक. झाकण न ठेवल्यामुळे व आच मोठी राहिल्यामुळे समजा पाव लिटर पाणी वाफ होऊन गेले. ५४० चा चौथा हिस्सा १३५. म्हणजे सगळे पाणी उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागली, तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता वाफेबरोबर छपराकडे निघून गेली. अन्नास तिचा कसलाही उपयोग झाला नाही.

हा हिशेब येथेच सोडू नये. घरात गॅस असेल तर काय होते? एक ग्रॅम गॅस जळून सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता मिळते. चांगल्या शेगडीवर तिच्यापैकी दोनतृतीयांशाच्या आसपास, म्हणजे सुमारे ७ किलोकॅलरी, भांड्यात उतरते. तेव्हा १३५ किलोकॅलरींसाठी सुमारे १९ ग्रॅम गॅस जळला. रोज इतका वाया गेला, तर वर्षाच्या ३६५ दिवसांत सुमारे ७ किलो. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे एका झाकणाच्या हलगर्जीपणाने वर्षाकाठी निम्मी टाकी गेली. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो, म्हणून हवेवरही २१ किलोंचा भार पडला.

घरात चूल असेल तर? वाळलेल्या एक किलो लाकडातून साधारण ३,६०० किलोकॅलरी मिळतात. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यांतील बहुतेक उष्णता आजूबाजूस पसरते. दहावा हिस्सा भांड्यात उतरला असे धरू, म्हणजे ३६० किलोकॅलरी. मग १३५ किलोकॅलरींसाठी ३७५ ग्रॅम लाकूड लागले. वर्षाचा गुणाकार सुमारे १३७ किलो येतो. डोक्यावरची एक मोळी २० ते २५ किलोंची धरली, तर या सहा मोळ्यांच्या आसपास झाल्या. सहा मोळ्या म्हणजे डोंगराच्या सहा फेऱ्या, आणि एखाद्या मुलीच्या पटावर सहा दिवसांची गैरहजेरी.

हे आकडे आपण धरून चाललेल्या मापांचे आहेत, हे मुलांस स्पष्ट सांगावे. प्रत्येक शाळेने आपल्या प्रयोगात प्रत्यक्ष किती पाणी कमी झाले तो आकडा घालून हिशेब नव्याने करावा. दुसऱ्याचा आकडा पाठ करण्यापेक्षा स्वतः मोजलेला आकडा मुलास अधिक पटतो.

तिसरा प्रयोग : ऊब राखणे

दोन्ही पातेल्यांत सारखे गरम पाणी घालून झाकणे लावावीत. एक पातेले तसेच ठेवावे, दुसरे घोंगडीत चांगले गुंडाळावे. दर अर्ध्या तासाने तापमान घेऊन दोन ओळींचा आलेख काढावा. घोंगडीतील पाणी बराच वेळ गरम राहिलेले दिसेल. लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही, हे तत्त्व यातून समजते.

याच तत्त्वावर गवतपेटी तयार होते. लाकडी खोका किंवा मोठी टोपली घ्यावी. तिच्या तळाशी व चारही बाजूंना वीतभर जाडीचा भाताचा वाळलेला पेंढा दाबून भरावा आणि मध्ये पातेले बसेल असा खळगा ठेवावा. वरून पेंढ्याची उशी झाकण म्हणून घालावी. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातपट्ट्यात पेंढ्याची वाण नाही. सिन्नर-येवल्याकडे जुनी घोंगडी, गोधड्या अथवा कापडाच्या चिंध्या तेच काम करतील. भात किंवा भिजविलेली मूगडाळ चुलीवर चांगली उकळून, झाकण न काढता पातेले लगेच पेटीत ठेवावे. उरलेले शिजणे विस्तवाशिवाय होते. किती वेळ ठेवावे लागते हे पेटीच्या जाडीवर अवलंबून असल्याने पहिले दोन-तीन दिवस अनुभवाने ठरवावे. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनटंचाईमुळे युरोपातील अनेक घरांत अशा पेट्या वापरात होत्या.

गवतपेटीबाबत तीन पथ्ये पाळावीत. पातेल्याच्या बुडाला निखारा चिकटलेला नाही याची खात्री केल्याखेरीज ते पेंढ्यात ठेवू नये. अन्न कोमट होईपर्यंत पेटीत पडू देऊ नये, गरम असतानाच वाढावे. राजमा प्रथम किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय पेटीत घालू नये, कारण अर्धवट शिजलेला राजमा पोटास बाधतो.

भिजवण आणि दाबाचे भांडे

कडधान्य रात्री भिजत घालणे ही आपल्या घरांतील जुनी रीत. पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोहोचलेले असल्याने शिजविण्याचा वेळ बराच कमी होतो. मटकीस मोड आणले तर आणखी सोपे. याला खर्च काही नाही, फक्त आदल्या रात्री आठवण हवी.

उघड्या पातेल्यात पाण्याचे तापमान ९८ अंशांवर अडते हे आपण पाहिले. वाफ कोंडली तर दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. दाबाच्या भांड्याचे, अर्थात प्रेशर कुकरचे, हेच रहस्य. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ मध्ये असे भांडे प्रथम दाखविले. आपल्या देशात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये कलकत्त्यास 'इक्मिक कुकर' तयार केला. त्यात एकावर एक डबे ठेवून खालच्या थोड्याशा कोळशावर भात, डाळ व भाजी एकदमच वाफेवर शिजत. एका आचेवर तीन पदार्थ, हा त्यातला धडा आजच्या कुकरलाही लागू आहे. पुष्कळ घरांत कुकर असूनही त्यात एकटी डाळ शिजते आणि भात वेगळ्या पातेल्यात होतो, तेव्हा निम्मा फायदा हातचा जातो.

पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी. शिट्टीतून बाहेर पडणारी वाफ म्हणजे पैसे देऊन घेतलेली उष्णता आहे, हे आता मुलांस हिशेबाने ठाऊक झाले आहे. परंतु दाब पूर्ण उतरल्यावाचून झाकण उघडू नये आणि शिट्टीचे छिद्र व सुरक्षा-झडप नेहमी स्वच्छ ठेवावी, हेही त्याच दमात सांगावे.

सरपण व धूर

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले म्हणजे आधी त्यातील पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्चते आणि घर धुराने भरते. उन्हाळ्यातच सरपण रचून, पावसापूर्वी छपराखाली घेऊन ठेवण्याच्या रीतीमागे हे शास्त्र आहे. जाड ओंडक्यापेक्षा चिरून बारीक केलेली लाकडे नीट जळतात. निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबागांच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधावर पडतात. कपाशीच्या भागात पऱ्हाट्या व तूर पिकते तेथे तुराट्या मिळतात. शेतातील हे जळण वापरले तर डोंगरातील उभे झाड वाचते. मात्र औषधफवारणी झालेल्या काड्या घरातील चुलीत घालू नयेत.

धुराचा प्रश्न केवळ डोळे चुरचुरण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील चुलींच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली, व त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. चुलीपुढे बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचे मूल यांच्या श्वासात हा धूर सर्वांत आधी जातो. म्हणून थोडे जळण याचा अर्थ थोडा धूर, हे सांगताना आवाज उंचावण्याची आवश्यकता नाही, पण विषय टाळूही नये.

महाराष्ट्राने या प्रश्नावर पूर्वीपासून विचार केला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४० नंतरच्या दशकात बिनधुराची 'मगन चूल' प्रचारात आणली. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या आरती संस्थेने, अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याची रीत बसविली, आणि सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचे जेवण वाफेवर शिजविणारा 'सराई कुकर' घडविला. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या शिर्डीस, साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये सूर्यकिरण एकवटणाऱ्या ७३ मोठ्या तबकड्या बसविण्यात आल्या व त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचे अन्न शिजविण्याची सोय झाली. शिर्डीची सहल काढणाऱ्या शाळांनी हे छप्पर मुलांना बाहेरून तरी दाखवावे. सूर्यावर अन्न तयार करणे आपल्या बायांना नवे नाही. चैत्र-वैशाखातील कुरडया, पापड आणि सांडगे उन्हावरच तयार होतात.

पेये : चहा, ताक आणि माठ

पेयांचा विचार वेगळा करावा, कारण येथे बचत सर्वांत सोपी असून तिकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. चहा करताना आधण अंदाजाने ठेवले जाते. चार कपांसाठी सहा कप पाणी तापते आणि जास्तीचे आटविले जाते किंवा ओतून दिले जाते. कपाने मोजून पाणी घ्यावे, झाकण ठेवावे, उकळी आल्यावर पूड घालून आच बंद करावी आणि पाच मिनिटे झाकून मुरू द्यावे. घरातील प्रत्येकासाठी वेगळ्या वेळी शेगडी पेटविण्याऐवजी एकदाच करून थर्मासमध्ये ठेवावा.

ज्या पेयांस विस्तवच लागत नाही, ती आपल्या भागात थोडी नाहीत. ताक, लिंबाचे सरबत व भिजविलेल्या सब्जाचे पेय यांना चूल लागत नाही. पन्ह्याची कैरी वेगळी उकडण्याऐवजी कुकरमध्ये भातावर ठेवता येते, किंवा स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत भाजता येते. सुरगाणा-पेठेकडील नागलीची आंबील थोड्याच आचेवर तयार होते आणि उन्हातून आलेल्या माणसास पोटभर आधार देते.

पिण्याचे पाणी मात्र काटकसरीचा विषय करू नये. पाणी उकळून पिण्यास सांगितले असेल तेथे ते उकळलेच पाहिजे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले की काम होते, त्यापुढे दहा-दहा मिनिटे आटवीत बसण्याचे कारण नाही. मग ते झाकून निववावे आणि स्वच्छ माठात भरावे.

माठापाशी आपला पाठ पूर्ण होतो. मुलांना विचारावे, "वाफ होताना उष्णता लागते, हे आपण चुलीवर पाहिले. मग माठाच्या अंगातून पाझरून जे पाणी हवेत उडते, त्याला उष्णता कोण देतो?" थोडा वेळ द्यावा, कोणीतरी उत्तर देईलच : आतले पाणी देते, म्हणून ते गार होते. साध्या हवेच्या तापमानास एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. २० लिटरांच्या रांजणातून पाव लिटर पाणी उडाले व सर्व उष्णता आतील पाण्यातून घेतली गेली असे मानले, तर १४५ भागिले २०, म्हणजे सुमारे ७ अंशांनी पाणी निवते. प्रत्यक्षात बाहेरची ऊबही आत शिरते, म्हणून फरक थोडा कमी पडेल. पाव लिटर वाफ चुलीवर तोट्याची ठरली, तीच रांजणात फायद्याची ठरली. शीतपेटी चालविण्यास वीज लागते, आणि एकलहरे येथील औष्णिक केंद्रात वीज कोळसा जाळून तयार होते. सावलीत, वाऱ्याच्या तोंडी ठेवलेल्या माठास कोळशाचा एक खडाही लागत नाही.

शिक्षकाने पाळावयाचे एक पथ्य

आता आदल्या दिवशी दिलेल्या गृहपाठाकडे वळावे. मुलांनी आणलेली उत्तरे मोठ्याने वाचून घ्यावीत. कोणी लिहून आणील, "भाकरी भाजताना वैलावर आंघोळीचे पाणी ठेवते." कोणी, "शेवटची भाकरी निखाऱ्यावर फुगवते." कोणी, "रात्री विस्तव राखेत पुरून ठेवते, सकाळी काडी लागत नाही." कोणाच्या घरी तांब्याचा बंब असेल, त्याच्या पोटातून नळी जाते व पाणी तिच्याभोवती राहते, म्हणून थोड्या चिपाडांवर पाणी तापते. या प्रत्येक उत्तरामागील शास्त्र फळ्यावर मांडून दाखवावे. विज्ञान केवळ पुस्तकात नसून आपल्या आईच्या हातातही आहे, हे ज्या मुलाला उमगले, त्याचा अभ्यासावरील विश्वास वाढतो.

उलट, "तुमच्या घरी झाकण ठेवीत नाहीत, तुम्ही डोंगर उजाड करता" अशा शब्दांत पाठ शिकविला, तर तो शिकविला नाही तरच बरे. जिच्या चुलीत सर्वांत जास्त धूर होतो, तिच्याच घरी काटकसर सर्वांत जास्त असते. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि अनेक गरीब घरांत गॅस पोहोचला. तरीही काही घरांत टाकी कोपऱ्यात रिकामी उभी असते व चूल पेटलेली असते, कारण भरलेल्या टाकीचे पैसे एकदम हाती नसतात. त्या मुलास वर्गात "तुमच्याकडे गॅस आहे की चूल?" असा प्रश्न हात वर करावयास लावून विचारू नये. पूर्वी बसविलेल्या कित्येक सुधारित चुली पुढे मोडून पडल्या, त्याचेही एक कारण हेच की, चूल कशी हवी हे तिच्यापुढे बसणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते.

शाळेच्या स्वयंपाकघरासही हे लागू आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालते. आपल्या शाळेतील ताई रोज मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवितात. त्यांना सूचना देण्यापूर्वी एक दिवस त्यांच्याजवळ बसावे. पातेल्यास नीट बसणारे झाकण आहे काय, कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालण्यास त्यांना कोणाची मदत हवी काय, ज्योत पिवळी होत असेल तर शेगडीची छिद्रे कोण साफ करणार, हे विचारावे. बहुधा त्यांची गरज एखाद्या झाकणाचीच निघेल.

स्वाध्याय

१. घरातील एका वेळच्या स्वयंपाकात पाणी कोठे कोठे वाफ होऊन जाते, याची यादी मोठ्या माणसांच्या मदतीने करा.

२. आपल्या प्रयोगात कमी झालेल्या पाण्यावरून वर्षाला किती गॅस किंवा किती लाकूड वाया जाईल, ते काढा.

३. मातीचा माठ व स्टीलची कळशी यांत सारखे पाणी भरून सावलीत ठेवा. सकाळी, दुपारी व सायंकाळी तापमान मोजून तक्ता करा.

४. भिजविलेली व न भिजविलेली मटकी शिजण्यास लागलेला वेळ आईला विचारून लिहा.

५. वैल, आधण, फुंकणी, बंब, चुलवण, गोवरी या शब्दांचे अर्थ आजीला विचारून घ्या आणि प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.

या पाठाने डोंगर एका दिवसात हिरवा होणार नाही किंवा कोणाच्या घरी टाकी भरून येणार नाही. परंतु वर्गातील तीस मुलांपैकी दहांच्या घरी पातेल्यावर झाकण पडले आणि वर्षाकाठी प्रत्येकी दोन-चार मोळ्या कमी लागल्या, तरी वीस-चाळीस फेऱ्या वाचतील. तेव्हा पाठानंतर महिनाभराने हजेरीपट पुन्हा एकदा चाळून पाहावा. "सरपणाला गेली" असे ऐकावयाचे दिवस थोडे जरी कमी झाले असतील, तरी तो आकडाही मुलांनी मोजलेल्या इतर आकड्यांशेजारी फळ्यावर लिहावा.